चाकाला लावलेला दगड

जुलैतला रविवार. सकाळचे साडेदहा वाजले नव्हते, तोच आंबोली घाटातल्या मोठ्या धबधब्यापासून गाड्यांची रांग दोन वळणं वरपर्यंत लागली होती. कणसं भाजण्याचा धूर धुक्यात मिसळलेला, रंगीबेरंगी रेनकोटांची झुंबड, कुठल्याशा गाडीतून दणदणणारी गाणी आणि पायऱ्यांवर पाण्यापेक्षा माणसंच जास्त. कोल्हापूरहून निघालेली सात सीटांची पांढरी गाडी या सगळ्यातून इंच इंच सरकत होती. मागच्या सीटवरच्या दहा वर्षांच्या मुलीने काचेला नाक लावलं होतं. तिच्या वडलांनी कॅमेऱ्याची पिशवी उघडली. पण गाडी थांबली नाही. रांगेतून सुटली, दुसऱ्या गियरवर आली आणि घाट उतरू लागली.

"मामा, धबधबा मागे राहिला की!"

"राहू दे साहेब. उद्या येताना सकाळी सातला दावतो. आख्खा तुमचा."

तिथून दोन-अडीच किलोमीटर खाली, एका वळणाच्या पुढे, डाव्या हाताला डोंगराच्या अंगाशी रस्ता थोडा रुंद होतो. रस्त्याच्या कामाची खडी टाकायला कधीतरी केलेली जागा असावी. एक गाडी मावते, दुसरी मावत नाही. मामांनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी आत घेतली. हँडब्रेक ओढला. गाडीचं तोंड उताराला होतं म्हणून इंजिन बंद करून रिव्हर्स गियर टाकला. मग खाली उतरून कडेचा नारळाएवढा दगड उचलला, पुढच्या चाकाला लावला आणि पायाने दोनदा दाबून पाहिला.

तिथे बघण्यासारखं पहिल्या नजरेला काहीच नव्हतं. काळ्या दगडाची ओली भिंत, तिच्यावर शेवाळ आणि नेचे, एका फटीतून बोटाएवढी धार. खाली रस्त्याच्या गटारात साठलेलं डबकं. साहेब, बाईसाहेब, आजी आणि मुलगी, चौघंही उतरून जरा अवघडून उभे राहिले. इतकं अंतर येऊन हे काय, असा प्रश्न साहेबांच्या चेहऱ्यावर दिसत होता. मामा काही बोलले नाहीत. पाचेक मिनिटं गेली. कानातला गाडीचा आवाज विरला, धारेचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला, आणि मग वरच्या झाडीतून कुणीतरी शीळ घातली. आरामात, मध्येच सूर चुकवत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शाळा चुकवून रमतगमत निघालेला पोरगाच जणू.

"कोण आहे वर?" मुलीने विचारलं.

"पाखरू हाय ते," मामा म्हणाले. शीळकरी कस्तूर.

आजींना डबक्यावर वाकलेल्या फांदीला काहीतरी पांढरं दिसलं. साबणाचा फेस कुणी पानांत गुंडाळून ठेवावा तसा मुठीएवढा गोळा. मामांनी मुलीला जवळ बोलावलं, पण हात लावू दिला नाही. मलबार ग्लायडिंग फ्रॉग नावाच्या हिरव्यागार झाडबेडकाचं ते घरटं. मादी पाण्यावर ओणवलेल्या पानांमध्ये फेस करून त्यात अंडी घालते. फेसाची बाहेरची बाजू सुकत जाते, आत ओल टिकते, आणि पिल्लं तयार झाली की फेस विरघळून ती सरळ खालच्या पाण्यात पडतात. म्हणून फांदी नेमकी डबक्यावर लागते, हातभर इकडे नाही की तिकडे नाही. मुलगी फांदीकडे आणि डबक्याकडे आळीपाळीने बघत राहिली. अर्धा तास गेला. कॅमेरा पिशवीतच राहिला.

मामा सत्तावीस वर्षं या रस्त्यावर आहेत. आधी कोल्हापुरातून गोव्याकडे गूळ नेणाऱ्या ट्रकवर क्लीनर, मग त्याच ट्रकवर ड्रायव्हर, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं स्वतःची प्रवासी गाडी. त्यांच्या हिशोबात घाटात गाडी चालवणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं काम म्हणजे थांबणं, आणि ते कुणी शिकवत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चढावर क्लच कसा सोडायचा ते सांगतात, आठचा आकडा काढायला लावतात. कुठे थांबावं, किती वेळ थांबावं, उतरलेल्या माणसांनी कुठे उभं राहावं, हे मात्र ज्याचं त्याने उमगून घ्यायचं.

पूर्वी ही विद्या बैलगाडीवाल्यांकडे होती. वेंगुर्ल्याचं बंदर आणि बेळगाव यांच्यात माल चढायचा-उतरायचा तो याच डोंगरातून. चढाला लागलेल्या बैलांना पाणी, सावली आणि गाडी न घरंगळणारी सपाट जागा लागे, आणि या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या की तिथे आपोआप मुक्काम पडे. घाटातल्या एका वळणाला आजही नानापाणी म्हणतात. एका ठिकाणी पूर्वीचा वस आहे. वस म्हणजे जागेचा राखणदार. तिथून जाताना स्टिअरिंगवरचा एक हात क्षणभर छातीशी नेणारे ड्रायव्हर अजून पुष्कळ आहेत. नव्या नावांच्या शेवटी मात्र 'पॉइंट' असतो. सनसेट पॉइंट, परीक्षित पॉइंट, शिरगावकर पॉइंट. पॉइंट लांबचं बघण्यासाठी असतो. तिथे कठडा असतो, दरी असते, आकाश मोकळं असेल तर खालचं कोकण असतं. पावसाळ्यात यातलं काहीही दिसत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर, थेट अरबी समुद्राकडून येणाऱ्या ढगांच्या वाटेत उभी आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत ढग दरीतून उठतात आणि गावातल्या गल्लीतून चालत जातात. अशा वेळी कठड्याला टेकून पांढऱ्या पडद्याकडे बघत उभं राहण्यापेक्षा दहा पावलांवरचं जे दिसतं ते बघावं, हा मामांचा साधा हिशोब. भिंत, फेस, शेवाळ, धार. धुक्यात जवळचंच खरं.

पण जवळचं बघायला उतरायचं तर जागा निर्धोक हवी, आणि इथे त्यांच्या डोळ्याचं काम सुरू होतं. वळणावर थांबायचं नाही, वळणाच्या लगेच पुढेही नाही. मागून येणाऱ्याला निदान पन्नास पावलांवरून आपली गाडी दिसली पाहिजे. ताज्या उकरलेल्या दरडीखाली कधीच नाही. जुनी दरड शेवाळलेली असते, तिच्यावर नेचे आणि तेरडे रुजलेले असतात. नवी दरड तांबडी, नागडी असते आणि पायथ्याशी बारीक खडे पडलेले असतात. बारीक खडे पडले म्हणजे मोठे वाटेवर आहेत. डोंगरातून येणारं पाणी पांढरं असेल तर ठीक, गढूळ होऊन त्यात माती-पाचोळा यायला लागला तर आहे तसं गाडीत बसायचं आणि निघायचं. झाडं खालच्या बाजूला ओणवी झालेली दिसली, डांबरावर अर्धगोल भेग दिसली, तरी तेच.

दरीच्या बाजूची साइडपट्टी तर त्यांच्या दृष्टीने पावसाळ्यात रस्ताच नव्हे. ट्रकवर असताना एका ऑगस्टमध्ये समोरच्या बसला वाट द्यायला त्यांनी डावी चाकं डांबराखाली घेतली. वरून हिरवळ घट्ट दिसत होती. खालची माती पाण्याने लोण्यासारखी झालेली. मागचं चाक हळूहळू, अगदी सावकाश, खाली जाऊ लागलं. त्या सावकाशपणाचीच भीती अजून अंगावर काटा आणते, असं ते सांगतात. बसमधली माणसं उतरली, दोर लागला, चार तासांनी ट्रक वर आला. गुळाची एकही ढेप गेली नाही. पण त्या दिवसापासून चाक डांबर सोडून खाली घ्यायचं असेल तर मामा आधी स्वतः उतरून टाचेने माती दाबून बघतात. पाऊस कोसळत असला तरी.

वाट देण्याचं म्हणाल तर अरुंद डोंगररस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा वाहतुकीचा नियमच आहे. त्यामागे कारण आहे. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणं अवघड, उतरणारीला ब्रेक लावून उभं राहणं त्या मानाने सोपं. हल्ली निम्म्या लोकांना हे माहीत नाही. धुक्यात हेडलाइट मोठा लावून समोरच्याला आंधळं करणारेही तेच. धुक्याचे कण तो उजेड परत आपल्याच डोळ्यांवर फेकतात, म्हणून लाइट खालीच हवा.

कोल्हापूरकडून आलं तर या वाटेवरचा पहिला शांत थांबा घाटाच्या बऱ्याच अलीकडे लागतो. उत्तूर, आजरा मागे पडतं. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ शिजताना घरभर वास देतो. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पेरणी-लावणीच्या दिवसांत तिथली खाचरं बघत जाणं हाच एक थांबा आहे, फक्त गाडी चालू असते. मग झाडी दाटते आणि आंबोलीच्या दहाएक किलोमीटर आधी रस्त्याला लागूनच नांगरतास येतं. तास म्हणजे नांगराने जमिनीत ओढलेली रेघ. नाव ज्याने ठेवलं तो शेतकरीच असला पाहिजे. सपाट माळावरून निवांत येणारा ओढा एकाएकी कातळातल्या चिंचोळ्या चिरेत कोसळतो. चीर इतकी अरुंद आणि खोल की पाणी दिसण्याआधी त्याचा घुमारा पायांतून जाणवतो. धबधबा म्हटलं की मान वर करायची सवय असते. इथे खाली बघावं लागतं. शनिवार-रविवार सोडून गेलं तर बहुधा दुसरं कुणी नसतं. पण मामा तिथे मुलांचा हात धरायला लावतात. कातळ गुळगुळीत आहे आणि चिरेत पडलेल्याला वर काढणं सोपं नाही.

आंबोली गावाजवळ हिरण्यकेशीचा फाटा आहे. गुहेतून नदी उगम पावते, समोर कुंड, काठाशी महादेवाचं देऊळ. मामा इथे गाडी लांब उभी करतात आणि सगळ्यांना चालायला लावतात, कारण झाडीतून चालत गेल्याशिवाय त्या पाण्याचा गारवा समजत नाही. २०२० साली या कुंडातल्या एका छोट्याशा माशाची शास्त्रात नवी जात म्हणून नोंद झाली. 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. नदीचंच नाव माशाला मिळालं. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने उगमाचा हा परिसर जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केला. क्षेत्र किती, तर २.११ हेक्टर. गावाकडच्या भाषेत पाचेक एकर. पश्चिम घाटाच्या नकाशावर तो ठिपकासुद्धा उमटायचा नाही. पण एवढ्याशा जागेला कागदोपत्री नाव मिळालं ही मोठी गोष्ट आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यात महाराष्ट्राची चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आंबोली त्यात नाही.

कुंडाच्या काठावर मामा आपल्या माणसांना एक गोष्ट हमखास सांगतात. हे पाणी इथून पूर्वेला निघतं, आजरा-गडहिंग्लजवरून घटप्रभेला मिळतं, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. आणि इथून थोड्याच अंतरावर, घाटाच्या कड्यावरून जे पाणी कोसळतं, ते दुपारपर्यंत कोकणात उतरून अरबी समुद्राच्या वाटेला लागतं. एकाच ढगातले दोन थेंब शेजारी शेजारी पडले आणि मध्ये बांध आला की झालं. आजींनी ओंजळीत पाणी घेतलं, क्षणभर धरलं आणि परत कुंडात सोडलं.

चौकुळकडचा सडा मामांना सगळ्यांत जवळचा, आणि तिथे न्यायला ते सगळ्यांत नाखूश. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात पाहिलं तर भाजलेल्या भाकरीसारखं करपलेलं दिसतं, एखादा माणूस म्हणेल इथे काहीच नाही. पावसाचे दोन महिने मुरले की ऑगस्टअखेरीस त्याच दगडावर गेंदाच्या पांढऱ्या टाचण्या उभ्या राहतात, ओलीत सीतेची आसवं निळीजांभळी होतात, कडेला तेरडे फुलतात. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण ओल्या मातीखाली त्यांच्या मुळांसारख्या भागावर बारीक पिशव्या असतात आणि त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. दगडावर अन्न नाही, म्हणून झाडाने अशी सोय केली.

या सड्यावर मामांच्या हातून एक चूक झालेली आहे. ती ते लपवत नाहीत, उलट नव्या ड्रायव्हर पोरांना मुद्दाम सांगतात. प्रवासी गाडी घेतल्यानंतरचं पहिलं किंवा दुसरं वर्ष. जूनचा मध्य, पहिला मोठा पाऊस होऊन गेलेला. गाडीत सहा जण होते, त्यांना सड्यावर पाणी उडवत जाणाऱ्या गाडीचा फोटो हवा होता. मामांनी गाडी रस्ता सोडून कातळावर घेतली आणि डबक्यांतून दोनदा गोल फिरवली. फोटो झाले. त्या सहांत प्राणिशास्त्र शिकणारी एक मुलगी होती. ती बाजूला जाऊन एका डबक्यापाशी उकिडवी बसली होती. ओरडली नाही, रागावली नाही. नुसतं म्हणाली, "मामा, इकडे येता का जरा?"

वीतभर लांब, दोन बोटं खोल पाणी. तळाच्या दगडावर काळ्या टिंबांसारखी बारीक अंडी. पाण्याच्या कडेला अंगठ्याएवढा एक भेक, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. आंबोलीचा भेक. जगात त्याची जी वस्ती माहीत आहे, ती या परिसरातली. २००९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, तेव्हा वाघपट्ट्यांवरूनच त्याला 'झँथोफ्रिन टायग्रिना' हे नाव मिळालं. त्याच्या विणीचा हंगाम पावसाच्या तोंडाशी, थोडेच दिवस चालतो, आणि त्यासाठी त्याला तळं लागत नाही, नदी लागत नाही. कातळावर साठलेलं असलं उथळ डबकंच लागतं. मुलीने शेजारचं डबकं दाखवलं. त्यात गाडीच्या टायरची नक्षी होती.

"म्या काय बोलनार," मामा सांगतात. "पोरीनं एवडंच सांगितलं, की हे पानी टिकलं तर ही जगत्यात."

तेव्हापासून मामांचं चाक सड्यावर चढलेलं नाही. गाडी डांबरावर, माणसं पायी, तीही एका ओळीत, दगडावर पाय देत, डबकं ओलांडून. बूट धुवायला डबक्यात पाय घालू देत नाहीत. यावरून एकदोन गिऱ्हाइकं तुटली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

रात्रीचं गाडी चालवणंही बदललं. जून-जुलैत अंधार पडल्यावर इथला ओला रस्ता म्हणजे बेडकांची वाट होते. एका बाजूची झाडी आणि दुसऱ्या बाजूचं पाणी यांच्यात डांबराचा पट्टा आडवा पडलेला. ते बिचारे त्यांच्या जुन्या वाटेनेच निघतात, मध्ये उजेड आला की जागीच थिजतात. शिवाय साप असतात, मलबार चापडा अंगाचं वेटोळं करून कडेच्या झुडपात बसलेला असतो. आणि कधी देवगांडूळ. दिसायला गांडूळ, पण पाठीचा कणा असलेला, बेडकांच्या गोतातला प्राणी. त्याची एक जात आंबोलीतच सापडली आणि २००३ मध्ये तिला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं गेलं. असा प्राणी चाकाखाली आला तर ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही, हेच मामांना जास्त लागतं. ते शक्यतो आठच्या आत मुक्कामाला पोचतात. उशीर झालाच तर वीसच्या वर काटा जात नाही, आणि फारच बेडूक दिसले तर एक जण टॉर्च घेऊन पुढे चालतो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

थांब्यांचा प्रश्न निघाला की हल्ली प्रत्येक फेरीत कुणीतरी फोन पुढे करतं. "मामा, इथलं लोकेशन टाकू का?" मामा नको म्हणतात. त्यांना यावर पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं आहे. डोंगर काय तुमच्या एकट्याचा आहे का, निसर्ग सगळ्यांचा आहे, वगैरे. हा आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही. चांगली जागा स्वतःपुरती दडवून ठेवण्यात अप्पलपोटेपणा असू शकतो, आणि गावातल्या घरगुती खानावळींचं, चहावाल्यांचं, गाइड पोरांचं पोट येणाऱ्या माणसावरच आहे. पण घाटातल्या त्या जागेचं माप लक्षात घ्यायला हवं. एक गाडी मावते. दुसरी आली तर ती निम्मी रस्त्यावर राहणार, आणि वळणावरून गूळ किंवा वाळू भरलेला ट्रक उतरत असणार. दहा गाड्यांना पत्ता कळला की आठवड्याभरात त्या भिंतीखाली भज्यांचे कागद, दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी धारेखाली उभं राहायला भिंतीवर चढणार, आणि फांदीवरचा तो फेस काय आहे म्हणून काठीने ढोसून बघितला जाणार. लपवण्यापेक्षा जागा किती पेलेल याचा विचार इथे आहे. नांगरतास, हिरण्यकेशी, महादेवगड ही नावं मामा खुशाल सांगतात. तिथे वाट आहे, पायऱ्या आहेत, गाडी लावायला जागा आहे. वळणाचं नाव सांगत नाहीत, कारण तिथे यातलं काही नाही.

एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की आहे, आणि ती पटण्यासारखी आहे. शांत जागा शोधायची नसते, शांत वेळ शोधायची असते. कावळेसादला रविवारी दुपारी वाऱ्याने उलटं उडणारं पाणी बघायला माणसांची भिंत उभी असते, आणि निसरड्या कड्यावरची रेटारेटी जिवावर बेतू शकते. तीच जागा मंगळवारी सकाळी रिकामी असते. महादेवगडावर पावसाळ्यात धुकं, पण ऑक्टोबरच्या सकाळी त्या जुन्या गडाच्या टोकावरून दरीत उतरत गेलेलं जंगल थर थर मोजून घ्यावं. आणि मार्चमध्ये तर आंबोलीला कुणी येतच नाही. ओढे आटलेले, 'सीझन' संपलेला, लॉजची दारं बंद. त्याच दिवसांत अंजनी फुलते. ठेंगणं, कठीण लाकडाचं झाड, एरवी कुणी वळून बघत नाही. मार्च-एप्रिलमध्ये फांद्यांना थेट चिकटून निळ्याजांभळ्या फुलांचे झुपके येतात, सगळी फांदी निळी. त्यावर मधमाश्यांचा एकसुरी गुंजारव. मामा गिऱ्हाईक नसलं तरी मार्चमध्ये एक चक्कर टाकतात. डिझेल स्वतःचं.

घाट उतरल्यावर दाणोलीला ते न चुकता थांबतात. कारण आधी गाडीचं. इतका उतार गियरवर आणला तरी ब्रेक तापलेलेच असतात. ते चाकाजवळ तळहात नेतात, लावत नाहीत, नुसती धग अजमावतात, आणि नाकाने लायनिंगचा वास घेतात. वास आला म्हणजे ब्रेक जास्त वापरला, म्हणजे आज आपलं काहीतरी चुकलं. गाडी निवेपर्यंत माणसं साटम महाराजांच्या समाधिमंदिरात बसून येतात. घाटातल्या गारठ्यातून आलेल्या माणसाला तिथली कोमट, दमट, नारळी-सुपारीची हवा एकदम अंगावर येते. सहाशे-सातशे मीटर उतरल्याचं कानांना आधी कळतं, मग कातडीला.

घाटाच्या पायथ्याशी पारपोली आहे. फुलपाखरांचं गाव म्हणून त्याची ओळख होऊ लागली आहे. पाऊस ओसरल्यावरच्या उन्हात ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर फुलपाखरं उतरतात आणि मातीतले क्षार शोषत बसतात. मोठं, काळं, निळ्या पट्ट्यांचं ब्लू मॉर्मन त्यात असतं. २०१५ पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. इथेही युक्ती तीच. पाठलाग करायचा नाही. ओल्या मातीपासून पाच पावलांवर बसायचं. सावली त्यांच्यावर पडू द्यायची नाही.

त्या रविवारचा मुक्काम सावंतवाडीला झाला. सोमवारी पहाटे साडेपाचला निघून गाडी परत घाटाला लागली. चढावर बोलणं कमी होतं. नानापाणीच्या वळणावर एक भेकर रस्ता ओलांडून गेलं, आजींनी ते पाहिलं आणि बाकीच्यांना सांगेपर्यंत झाडी मिटलेली होती. मोठ्या धबधब्यापाशी सात वाजायला दहा मिनिटं कमी होती. टपऱ्यांवर निळी प्लास्टिकं ओढलेली. एक बाई कालची कणसाची सालं पोत्यात भरत होती. पायऱ्या रिकाम्या, धुतल्यासारख्या काळ्या. रात्रभर पाऊस झाला होता, पाणी पांढरंच होतं पण काल होतं त्याच्या दीडपट. कालच्या गाण्यांखाली त्याचा आवाजच दबून गेला होता. आता तो छातीवर आदळत होता.

"जावा," मामा म्हणाले. "तिसऱ्या पायरीच्या वर जाऊ नका. शेवाळ हाय."

साहेब आणि बाईसाहेब आजींचा हात धरून निघाले. मुलगी गेली नाही. ती गाडीच्या मागे जाऊन वाकून काहीतरी शोधत होती. गाडीचं तोंड आज चढाला होतं. तिने दोन दगड उचलून टाकून दिले, तिसरा पसंत केला आणि दोन्ही हातांनी आणून मागच्या चाकाला लावला. मग चपलेने दोनदा दाबून पाहिला. मामांनी दगड पाहिला, वाकून एक इंच आत सरकवला आणि पहिला गियर टाकायला दार उघडलं.

वीस मिनिटांनी सगळी भिजून परत आली तेव्हा पहिल्या टपरीवर स्टोव्ह पेटला होता. चहा झाला. निघताना मुलीने दगड काढला आणि कुठे टाकू म्हणून मामांकडे पाहिलं.

"रस्त्यावर न्हाई सोडायचा. मागनं येनारा मोटरसायकलवाला पडतोय त्याच्यावर. भिंतीकडंला ठेव. लागंल कुनाला तरी."

तिने तो गटारापलीकडे, भिंतीला टेकवून ठेवला. हाताची माती फ्रॉकला पुसली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली. आजऱ्यापर्यंत ती उजवीकडच्या भिंती बघत होती.